पप्पांचं दुखणं, मॉर्फिन आणि प्रार्थना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पप्पांचा यकृताचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर आहे आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. प्रार्थनेला येणारे काहीजण म्हणतात, मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध, दिलं तर विश्वास कमी पडला असं होईल. पप्पा मात्र म्हणतात, "देवानं मला टाकलं." अशा वेळी लेकीनं काय करावं, असं तुम्ही विचारलंत. आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीला मी बरीच वर्षं जाते, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी मॉर्फिनचं. ते द्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला, ठरवून दिलेलं तेवढंच द्या, पण कळ असह्य होण्याची वाट बघू नका. वेदना एकदा चढली की ती उतरवणं अवघड जातं. या औषधानं बद्धकोष्ठ होतं, म्हणून त्यावरचं औषधही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.

कुणी तुम्हाला बायबलमधलं मार्क १५:२३ दाखवेल. वधस्तंभाच्या वेळी येशूनं गंधरस मिसळलेला, वेदना बधिर करणारा मानला जाणारा द्राक्षारस घेतला नाही, हे खरं. ते त्यानं स्वतःसाठी ठरवलं. दुसऱ्याच्या वेदनेसमोर काय करायचं हे सांगताना त्यानं वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तो शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आणि जखमी माणसाला त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्द विचारत नाही. कॅथलिकांमध्ये तर पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितलं होतं, की वेदना शमवण्यासाठी असं औषध देणं योग्य आहे, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरीही. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवागृह, उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, आणि ठरलेल्या वेळेला नियमित मॉर्फिन देण्याचा आग्रह त्यांनीच धरला. मुंबईत वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६पासून सिस्टर्स अशाच रुग्णांची सेवा करतात. तुम्ही नगरला आहात, तर पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, केंद्र जवळ पडेल. तिथे पैसे घेत नाहीत. घरी सांभाळणं झेपेनासं झालं तर जरूर विचारा.

आता विश्वासाचं. बरं करण्याची प्रार्थना जरूर करा, मीही करते. पण माणूस बरा झाला नाही म्हणजे त्याचा विश्वास तोकडा, हे मला मुळीच मान्य नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या विश्वासाला कोण नावं ठेवील? त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१मध्ये त्यांच्याआधी गेली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. मरायला टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर तुझाच विश्वास कमी पडला हे ओझं ठेवणाऱ्यांना, ताई, दारातच थांबवा. पाहुणे दुखावतील. दुखावू द्या.

पप्पा म्हणतात ना देवानं टाकलं, ते त्यांना म्हणू द्या. असं बोलू नये म्हणून त्यांना गप्प करू नका. येशू वधस्तंभावर हेच बोलला, तेही स्तोत्र २२मधल्या शब्दांत. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी वगळलं नाही. देवाकडे तक्रार करणारा माणूस देवाशी अजून बोलतोय. तुम्ही त्यांचा हात धरा आणि म्हणा, "पप्पा, मी इथेच आहे." पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूला मरणाची धास्ती वाटली तेव्हा त्यानं शिष्यांकडे उपदेश मागितला नाही. इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच मागितलं. शिष्य झोपले. तुम्ही जाग्या आहात. तुम्हाला वाटतं तुम्ही काहीच करत नाही, पण प्रभूनं स्वतःसाठी मागितलं होतं तेच तुम्ही करताय.

"बरे व्हाल" असं सारखं म्हणू नका. बहुतेक आजाऱ्यांना कळलेलं असतं, आणि घरचे मानत नाहीत म्हणून ते एकटे पडतात. तुमचा भाऊ तसं म्हणत असेल तर त्याची समजूत काढा. पप्पांनी विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर लादू नका.

पाळकसाहेबांना आजच फोन करा. गिळता येतंय तोवर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, व्हावं. पुढे त्यांना जेवण नकोसं होईल, तेव्हा घास कोंबू नका, ठसका लागतो. ओल्या बोळ्यानं ओठ आणि तोंड ओलं करत राहा. श्वासाची घरघर ऐकून तुम्ही घाबराल, पण बहुधा त्यांना स्वतःला तिचा त्रास होत नसतो. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येतंय असं धरूनच वागा. खोलीत हिशेबाची, जमिनीची बोलणी नकोत. त्यांची आवडती गीतं हळू आवाजात म्हणा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही" हे ते लहानपणापासून म्हणत आले असतील, तर कानाशी सावकाश म्हणा. ओठ हलतात कधीकधी. मी पाहिलंय. नाही हलले तरी म्हणत राहा.

आणि एक. रात्रंदिवस बसून तुम्ही चहा ठेवायला उठाल आणि तेवढ्यात पप्पा जातील, असंही होतं. पुष्कळदा होतं. भावालाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी जवळ कोण होतं आणि कोण नव्हतं यावरून नंतर तुम्हा दोघांत बोल लागायला नको.