डायरीशी जुळलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही

प्रश्न : ताई, मी नाशिकला एमएस्सी न्यूट्रिशन करतेय. "वर्षभरात हा पदार्थ किती वेळा खाल्ला" असा एफएफक्यू (फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावली) बायकांकडून भरून घेतला आणि तीन दिवसांच्या आहार-डायरीशी ताडून बघितला, प्रोटीनचं कोरिलेशन (दोन्हीकडचे आकडे किती जुळतात ते, 1 म्हणजे पूर्ण) 0.6 आलं. गाईड म्हणतात झालं, व्हॅलिड लिही. पण कितीतरी जणींच्या डायरीत दिवसाला 1100 कॅलरीच येतात आणि वजन सत्तरच्या घरात, तेही स्थिर! हे कसं?

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे गं. सत्तर किलोच्या बाईला दिवसभर नुसतं पडून राहायलाही साधारण 1300 च्या वर लागतात, म्हणजे डायरीच कमी सांगतेय. फॉर्म आणि डायरी दोन्ही त्याच बाईनं भरलेत ना, एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं झालं ते. संध्याकाळचं फरसाण तिनं दोन्हीकडे गाळलं तर दोन्ही छान जुळणारच. आणि सगळ्याजणी निम्मंच सांगत असतील तरी कोरिलेशन झकास येतं, कारण ते फक्त वर-खाली क्रम बघतं, किती खाल्लं ते नाही.

म्हणून बायोमार्कर, म्हणजे शरीरातच मोजता येणारी खूण, त्याला काही लपवता येत नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 1999-2000 ला ओपन नावाचा अभ्यास झाला, 484 जण. त्यांना डबली लेबल्ड वॉटर पाजलं, म्हणजे जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजनचं पाणी. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो, ऑक्सिजन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही, त्या फरकावरून खरी खर्च झालेली ऊर्जा कळते, आणि वजन स्थिर असेल तर तेवढंच खाणं. निकाल काय, तर एफएफक्यूवर बायकांनी ऊर्जा 34 ते 38 टक्के कमी सांगितली, पुरुषांनी 31 ते 36. "काल काय खाल्लं" असं विचारल्यावर बायकांची तूट 16 ते 20 वर आली, म्हणजे बरी, पण आहेच.

ते पाणी फार महाग, थिसिससाठी विसर. प्रोटीनसाठी 24 तासांची लघवी मात्र जमेल. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण 81 टक्के लघवीत येतो, म्हणून मोजलेला नायट्रोजन 0.81 नं भागायचा आणि 6.25 नं गुणायचं, की खाल्लेलं प्रोटीन मिळतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. बायका मध्येच एखादी विसरतात (बाजारात गेल्या की हमखास), त्यासाठी केंब्रिजच्या शीला बिंगहॅम वगैरेंनी पाबा गोळ्यांची युक्ती काढली (पाबा हे जवळजवळ सगळं लघवीत बाहेर पडणारं रसायन), गोळी घ्यायची आणि लघवीत 85 टक्क्यांहून कमी परत आली तर गोळा करणं अपुरं समजायचं. एका दिवसाच्या लघवीवर एका बाईबद्दल निकाल देऊ नकोस, जमलं तर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा घे, आणि गरोदर किंवा वजन उतरत असलेल्यांना यात धरू नकोस.

अजून एक, डायरी श्रावणात भरून घेतलीस का? मासे-मटण बंद, उपवास चालू, आणि फॉर्म विचारतोय वर्षभराचं. वेगवेगळ्या सीझनला परत घेता आली तर बघ. तेलाचं तर विचारूच नकोस, फोडणी घालणारीलाही माहीत नसतं, महिन्याचा डबा घरातल्या माणसांवर वाटून अंदाज काढ.

आत्ता हाती आहे त्यावर नुसतं व्हॅलिड नको, "डायरीच्या तुलनेत व्हॅलिड" लिही आणि कमी सांगणाऱ्या बायका किती ते वेगळ्या टेबलात दाखव. गाईडना दाखवताना कॅलरीचा कॉलम आधी पुढे कर, कोरिलेशन नंतर.