होस्ट्स फाइल सेव्ह केली, तरी जुनीच साइट उघडते

प्रश्न: आमच्या दुकानाची वेबसाइट नवीन सर्व्हरवर हलवतोय. डीएनएस बदलायच्या आधी नवीन साइट बघायची तर होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाका असं डेव्हलपर म्हणाला. टाकली, सेव्ह केली, पण जुनीच साइट येते. विंडोज ११ आहे. काही बिघडणार तर नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: बिघडत काही नाही. होस्ट्स फाइल म्हणजे कोणत्या साइटच्या नावाला कोणता आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) याची तुमच्याच कॉम्प्युटरमधली यादी, त्यामुळे हा बदल फक्त तुमच्या कॉम्प्युटरपुरता असतो, गिऱ्हाइकांना जुनीच साइट दिसत राहणार. १९८३ मध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी इंटरनेटवरची यंत्रणा) आलं, त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं अशा एकाच यादीत असायची आणि जो तो ती उतरवून घ्यायचा, म्हणून आजही कॉम्प्युटर आधी ही फाइल बघतो आणि मग बाहेर डीएनएसला विचारतो.

आता तुमचं घोडं कुठे अडलंय ते. माझा पहिला संशय नोटपॅडवर. साधं उघडलं तर त्या फोल्डरात सेव्ह करायची परवानगीच नसते, मग लोक डेस्कटॉपवर सेव्ह करून तिथे कॉपी करतात आणि फाइलच्या नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी लागलेलं असतं. विंडोज तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा म्हणजे लगेच कळेल. नोटपॅडवर राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि मूळची फाइलच उघडा: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. ओपन करताना ऑल फाइल्स निवडा, नाहीतर फोल्डर रिकामा दिसतो.

ओळीत आधी नवीन सर्व्हरचा आयपी, मग स्पेस, मग डोमेन (म्हणजे साइटचं नाव), सगळं इंग्रजी आकड्या-अक्षरांत. एचटीटीपी वगैरे लावायचं नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं नाव वेगवेगळं धरलं जातं, तेव्हा दोन्ही लिहा. मग ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग वापरा, एनएसलुकअप नको, ते ही फाइल बघतच नाही, थेट डीएनएसला विचारतं आणि जुनाच आयपी दाखवतं, त्यात भलेभले फसतात. नवीन सर्व्हरवर एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) अजून बसवलं नसेल तर ब्राउझर इशारा देईल, ते डेव्हलपरला सांगा.

फाइल उघडलीच आहे तर बाकीच्या ओळीही वाचा. हॅशने सुरू होतात त्या नुसत्या टिपा, पण अनोळखी आयपीपुढे बँकेचं किंवा अँटीव्हायरस कंपनीचं नाव दिसलं तर व्हायरसचा संशय घ्या आणि आधी पूर्ण स्कॅन करा.

आणि डीएनएस बदलून झालं की तुमची ओळ आठवणीने काढा, नाहीतर पुढे कधी सर्व्हर बदलला तर साइट सगळ्यांकडे चालेल आणि फक्त तुमच्याकडे बंद दिसेल.