यादवीत ‘हस्तक्षेप’ की ‘ढवळाढवळ’?

प्रश्न असा आला आहे: महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी विषयाचा मसुदा केला आहे, ‘दुसऱ्या देशाच्या नागरी युद्धात परकीय लष्करी हस्तक्षेप समर्थनीय आहे’. समितीत एकाला ‘नागरी युद्ध’ खटकते. दुसऱ्याला ‘हस्तक्षेप’ फार गुळगुळीत वाटतो, ‘ढवळाढवळ’ म्हणा असा त्यांचा आग्रह आहे. बरोबर काय?

‘नागरी युद्ध’ आधी खोडून टाका. मराठीत ‘नागरी’ म्हटले की नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक, फार तर नागरी संरक्षण दल. ‘नागरी युद्ध’ वाचून शहरात चाललेली लढाई डोळ्यांसमोर येते, आणि बँकेच्या निवडणुकीत एरवीही तशी लढाई चालतेच. इंग्रजी शब्दाचे विशेषण कोशात पाहून उचलले की असे होते.

आपला रुळलेला शब्द ‘यादवी’. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादवांची मद्यपानाच्या बैठकीत बाचाबाची होते, सात्यकी कृतवर्म्याचे डोके उडवतो आणि मग एरका गवताची पाती उपटून सारे एकमेकांना मारतात, त्या पात्यांची मुसळे होतात. एका रक्ताच्या माणसांनी आपसांत लढून कुळ संपवणे, हा भाव शब्दात अजून शाबूत आहे. अडचण एकच, ‘यादवी’ला शस्त्र लागत नाही. पक्षात यादवी माजते, संस्थेत माजते, चार भावांच्या वाड्यातही माजते. म्हणून खरोखरीच्या लढाईसाठी ‘यादवी युद्ध’ हा जोडशब्द शालेय इतिहासाने रूढ केला: अमेरिकेतील यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. त्याची एक व्याकरणी सोयही आहे. ‘यादवी’चे अनेकवचन कोणी करत नाही, ‘दोन यादव्या’ कानाला सहन होत नाही. ‘दोन यादवी युद्धे’ मात्र बिनदिक्कत म्हणता येते.

‘गृहयुद्ध’ चुकीचे नाही. ‘गृहमंत्रालय’ चालते तर तेही चालावे. बातम्यांच्या मथळ्यात ते हिंदीच्या बरोबरीने आले आणि टिकले. पण मराठी कानाला शेजारीच ‘गृहकलह’ ऐकू येतो, आणि तो नवरा-बायकोचा किंवा सासू-सुनेचा. गंभीर विषयाला ‘यादवी युद्ध’ जास्त वजनदार.

आता मुख्य भांडण. ‘हस्तक्षेप’ म्हणजे शब्दशः हात टाकणे. इंग्रजी ‘इंटरव्हेन्शन’ लॅटिनमधून आला, त्याचा मूळ अर्थ मध्ये येणे. गंमत अशी की त्याचा अचूक जोडीदार आपल्या बोलीत आधीपासून आहे: ‘मध्ये पडणे’. ‘त्या दोघांच्या भांडणात तू मध्ये पडू नकोस’ हे वाक्य परराष्ट्रधोरणाचा एक अख्खा पक्ष मांडते. पण ‘मध्ये पडणे’ला नीट नाम नाही, म्हणून कागदोपत्री ‘हस्तक्षेप’ उरतो. तो थंड शब्द आहे, आणि विषयवाक्यात थंडच शब्द हवा.

‘ढवळाढवळ’ची घडण पाहा. धावाधाव, फेकाफेक, ढकलाढकल, चाळवाचाळव. धातूची अशी द्विरुक्ती झाली की कृती पुन्हा पुन्हा, अस्ताव्यस्त, मर्यादा सोडून चालली आहे असा अर्थ येतो. शिवाय ढवळल्यावर तळचा गाळ वर येतो, हे चित्र आहेच. म्हणून एका रात्रीच्या बॉम्बफेकीला ‘ढवळाढवळ’ शोभत नाही. वर्षानुवर्षे पैसे चारणे, गट फोडणे, सरकारे बसवणे आणि उतरवणे, याला शोभते. शिवाय शब्दातच निकाल दिलेला आहे. ‘ढवळाढवळ समर्थनीय आहे’ असे वाक्य अनुकूल बाजूच्या वक्त्याला दिले तर तो व्यासपीठावर चढण्याआधीच हरला. हा शब्द प्रतिकूल बाजूच्या वक्त्यासाठी राखून ठेवा, त्याला तो कामाला येईल. ‘लुडबुड’ आणखी खालची, तिच्यात करणाऱ्याची ताकदही नाही. रणगाडे घेऊन आलेल्याची लुडबुड होत नसते.

मसुद्यात ‘दखल’ शिरू देऊ नका. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे मध्ये पडणे. मराठीत ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे, नोंद घेणे. ‘जगाने यादवीची दखल घेतली’ आणि ‘जगाने यादवीत दखल दिली’ यांत एका क्रियापदाने सैन्य उतरते. मूळ अरबी अर्थ प्रवेशाचा. ‘बेदखल’ शब्दात तो ताबा आणि प्रवेश आपल्याकडेही जिवंत आहे, पण ‘दखल’ एकटी असली की आपण फक्त बघतो.

थंड शब्दाचा तोटाही आहे. ‘हस्तक्षेप’ फार मोठी पिशवी आहे, तीत काहीही मावते. १९८६च्या २७ जूनला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात ही पिशवी उघडून आतला माल वेगळा केला. दुसऱ्या राष्ट्राने स्वतःच ठरवायच्या बाबीत बळजबरी असली की हस्तक्षेप बेकायदा, हे सूत्र. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना शस्त्रे देणे आणि प्रशिक्षण देणे हा बळाचा वापर ठरला. त्यांना नुसता पैसा पुरवणे हा अंतर्गत बाबींतला हस्तक्षेप ठरला, पण बळाचा वापर नव्हे. म्हणजे ‘लष्करी’ हे विशेषण मसुद्यात शोभेसाठी नाही. ते काढले तर वक्ते निर्बंध, निधी आणि रेडिओ प्रचारावर बोलत बसतील, आणि परीक्षकाला त्यांना थांबवता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न संमतीचा. मराठी शब्द तो दाखवतच नाही. श्रीलंकेचे १९८७ साल घ्या, शब्दांच्या दृष्टीने इतके बोलके वर्ष दुसरे सापडणे कठीण. ४ जूनला भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी, मिराज-२००० लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात, जाफना भागावर अन्नधान्य टाकले. आपल्याकडे त्याचे नाव ‘मदत’. कोलंबोने त्याला सार्वभौमत्वाचा भंग म्हटले. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि यजमान सरकारच्या संमतीने फौज उतरली, तिचे नाव ‘शांतिसेना’. ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती, पण त्यांच्या शांतिसैनिकांच्या निळ्या शिरस्त्राणांची सावली त्या नावावर पडली होती. ऑक्टोबरात तीच फौज जाफन्यात लिट्टेशी, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांशी, लढत होती. फौज तीच राहिली, फक्त कामाला ‘शांती’ म्हणणे अवघड झाले. १९८९मध्ये अध्यक्ष प्रेमदासांनी फौज परत न्या म्हटले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला निघाली, तोवर सुमारे १२०० भारतीय सैनिक कामी आले होते. संमती काढून घेतल्यानंतरच्या त्या महिन्यांना काय म्हणायचे? ‘मुक्काम’ म्हणावे तर सौम्य, ‘ताबा’ म्हणावे तर खोटे. स्पर्धकांना हाच प्रश्न विचारावा.

सीरियात एकाच आकाशात दोन्ही प्रकार होते. सप्टेंबर २०१५च्या अखेरीस रशियाची विमाने आली ती दमास्कसमधल्या अध्यक्ष असाद यांच्या सरकारने बोलावले म्हणून. अमेरिकेची बॉम्बफेक त्याआधी, सप्टेंबर २०१४पासून, दमास्कसच्या संमतीवाचून चालू होती. मराठी बातमीत दोन्ही ‘हस्तक्षेप’. पहिल्यासाठी आपल्याकडे जुना, नेमका शब्द पडून आहे: ‘कुमक’. तुर्की मूळ, फारसीवाटे आलेला. कुमक नेहमी कोणाला तरी जाते, त्यामुळे बाजू लपत नाही. ‘रशियाने असाद यांना कुमक धाडली’ या वाक्यात कोण कोणाच्या बाजूने हे एका दमात कळते. ‘रशियाने सीरियात हस्तक्षेप केला’ म्हटले की ते हवेत राहते.

कुमक यजमानाच्या खर्चाने कायमची मुक्कामाला राहिली की तिची ‘तैनाती फौज’ होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्या इतिहासात यादवीत परकी फौज बोलावण्याची नोंद चांगली लख्ख आहे. पेशवेपदासाठी राघोबादादांनी १७७५च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला: २५०० सैनिक मिळावेत, बदल्यात साष्टी आणि वसई. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही झाली. किमान ६००० पायदळ कायमचे, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. दोन्ही वेळा ‘संमती’ होती, पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या माणसाचीच होती. निमंत्रणावरून आलेल्या फौजेचे समर्थन करणाऱ्या वक्त्याला हा मुलूख कोणीतरी दाखवलाच पाहिजे.

‘परकीय’बद्दल थोडक्यात. शब्दात ‘परका’ आहे, त्यामुळे झुकाव येतो. ‘परकीय चलन’ म्हणताना तो जाणवत नाही, ‘परकीय फौज’ म्हणताना जाणवतो. तसेही ‘दुसऱ्या देशाच्या’ म्हटल्यावर ‘परकीय’ ही द्विरुक्तीच, तेव्हा गाळा. हवेच असेल तर ‘बाह्य’ बरे. ‘विदेशी’ दारूच्या दुकानाच्या पाटीवर राहू द्या.

कोणीतरी ‘मानवतावादी हस्तक्षेप’ असा विषय सुचवेल. मराठीत मानवतावाद म्हणजे एक विचारसरणी, आणि मानवतावादी म्हणजे ती मानणारा. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला कोणताही वाद नसतो. २०११च्या १७ मार्चला सुरक्षा परिषदेने लिबियाबाबत ठराव १९७३ संमत केला तेव्हा हेतू नागरिकांचे संरक्षण असा लिहिला होता. बाजूने १० मते पडली, भारतासह पाच देश तटस्थ राहिले, आणि परकी ताबा फौज नको असेही त्यात होते. तेव्हा ‘नागरिकांच्या संरक्षणासाठी हस्तक्षेप’ असे सरळ म्हणा. लांब आहे, पण पुढे तपासता येते: नागरिक वाचले का, की सरकार पाडले?

एक चाचणी आपल्यावरही करून पाहावी. १९७१च्या डिसेंबरातल्या कारवाईला मराठीत कोणीही ‘भारताचा हस्तक्षेप’ म्हणत नाही. ‘बांगलादेश मुक्तिसंग्राम’ किंवा नुसते ‘७१चे युद्ध’. स्वतःच्या बाजूला ‘हस्तक्षेप’ हा थंड शब्दसुद्धा आपण लावत नाही.

मसुदा असा करावा: ‘दुसऱ्या देशातील यादवी युद्धात तेथील सरकारच्या संमतीवाचून केलेला लष्करी हस्तक्षेप समर्थनीय ठरू शकतो’. ‘आहे’ऐवजी ‘ठरू शकतो’ घेतले की अनुकूल बाजूला एक उदाहरण सिद्ध करणे पुरते. ते फार सोपे वाटले तर ‘आहे’ ठेवा, पण दोन्ही बाजूंना आधी कळवा. आणि विभक्ती सांभाळा: हल्ला सीरियावर होतो, हस्तक्षेप सीरियात. ‘सीरियावर हस्तक्षेप’ सूचनाफलकावर लागला तर पहिले गुण समितीचेच कापावे लागतील.