मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम कोण होते? चारच चित्रपट काढून त्यांचं एवढं नाव कसं?

आधी घोळ मिटवू. हे 'धूम'वाले जॉन अब्राहम नव्हेत. नेटवर शोधलं की पहिले तेच हजर होतात.

हे जॉन केरळातल्या कुट्टनाडचे, जन्म १९३७ चा. एलआयसीतली नोकरी सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक शिकवायला होते आणि जॉन त्यांचे लाडके विद्यार्थी. पुढे दिग्दर्शक मणी कौल यांच्या 'उसकी रोटी' या हिंदी चित्रपटाला सहायक म्हणून काम केलं. १९७२ चा पहिला चित्रपट 'विद्यार्थिकळे इतिले इतिले' फारसा कुणाच्या लक्षात नाही.

गाजला तो दुसरा, 'अग्रहारत्तिल कळुदै' (१९७७), म्हणजे अग्रहारातलं (ब्राह्मणांच्या वस्तीतलं) गाढव. हा मात्र तमिळ. एक ब्राह्मण प्राध्यापक गाढवाचं पोरकं पिल्लू घरी आणतो आणि सगळी आळी बिथरते. शेवटी गाढवाला मारून टाकतात, आणि मग त्याच्याच नावाने चमत्कार सांगू लागतात! त्याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; तरी दूरदर्शनने तो दाखवायचं ठरवून ऐनवेळी रद्द केलं. १९७९ च्या 'चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ'मध्ये पोलिसांच्या धास्तीने पछाडलेला कुट्टनाडचा जमीनदार आहे.

पण माझ्या मते नाव झालं ते चौथ्यामुळे, आणि त्यातही पैसे उभे केले त्या पद्धतीमुळे. १९८४ मध्ये कोळिकोडला जॉन आणि मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. ही मंडळी प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायची, चॅप्लिनचा 'द किड' वगैरे दाखवायची आणि लोकांपुढे झोळी धरायची. निर्माता नाही, वितरक नाही. अशा वर्गणीतून १९८६ साली 'अम्मा अरियान' तयार झाला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी असते ना, तशी. फक्त पावतीच्या जागी सिनेमा.

नावाचा अर्थ 'आईला कळावं म्हणून'. दिल्लीला निघालेल्या पुरुषनला वाटेत एका तरुणाचं प्रेत दिसतं. तो कोण हे शोधत, त्याच्या मित्रांना एकेक करून गोळा करत, पुरुषन त्याच्या आईला बातमी द्यायला कोचीपर्यंत जातो. सगळं सांगणं पुरुषनने स्वतःच्या आईला लिहिलेल्या पत्रातून. दर मुक्कामाला घोळका वाढत जातो, आणि चळवळींत हरवलेली अख्खी पिढी समोर येते.

पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८७ ला, कोळिकोडमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

पाहायचंच असेल तर सुरुवात गाढवापासून करा. 'अम्मा अरियान' फार संथ आहे. पहिल्या खेपेला मला मध्यंतरापूर्वीच डुलकी लागली होती.