बुलेटच्या ब्रीदरमधून तेल येतंय? आधी ऑइल मोजायची पट्टी नीट बघ

भावा, घाबरू नकोस. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा एकुलता पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली हवा दाबतो. ती ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून, थोडं तेल घेऊन बाहेर पडणारच. पाइप मात्र कधीच बुजवू नकोस, दाब सील फोडून वाट काढतो.

ऑइल साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर, गरम इंजिनवर बघ. रात्रभर उभ्या गाडीत ते ऑइलच्या टाकीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतं, पट्टी कमी दाखवते, आपण उगाच भरतो आणि जादाचं पाइपातून बाहेर येतं. फार जणांचं इथंच चुकतं.

पावसाळ्यात नुसतं गावातल्या गावात, राजवाडा ते पोवई नाका फिरलास तर ब्रीदरच्या नळीत दुधाळ चिकटा जमेल. ते तेलात मिसळलेलं पाणी आहे, लांब चक्कर मार, इंजिन तापलं की उडून जाईल. सायलेन्सरमधूनही निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा तपासून घे.