एचबीएसएजी निगेटिव्ह असताना हेपॅटायटिस बी ची आणखी एक टेस्ट कशाला?

तुम्ही विचारलंय, वडिलांना हेपॅटायटिस सी आहे, गोळ्या सुरू व्हायच्यात, एचबीएसएजी (रक्तात बी विषाणूचं प्रथिन आहे का ते बघणारी टेस्ट) निगेटिव्ह आलंय, तरी डॉक्टर अँटी-एचबीसी (बी पूर्वी कधी अंगात शिरला होता का ते सांगणारी, म्हणजे 'कोअर' टेस्ट) सांगतात. गरज आहे की लॅबचं कमिशन? आणि कितीला होते?

करा. आमच्या घरात याच टेस्टवर काट मारली होती, म्हणून लिहितोय.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. नानांना १९८८ साली अपघातानंतर रक्त चढवलं होतं. सी चा शोधच १९८९ चा, बाटली तपासणार कोण? २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या तपासण्यांत सी निघालं. १२ आठवड्यांच्या गोळ्या ठरल्या. टेस्टच्या कागदावर शेवटची ओळ 'अँटी-एचबीसी टोटल'. दादाने खिशातला पेन काढला आणि ओळ खोडली. "निगेटिव्ह शे ना, मंग हाई कसाले जोयजे?" दादाचं मेडिकल आहे, त्याच्यापुढे घरात कोण बोलणार! मीही गप्प बसलो.

नवव्या आठवड्यात नाना ओट्यावर दाढी करत होते. आरसा खिडकीकडे वळवून म्हणाले, "डोळे पिवळे दिसतात का रे?" दादा म्हणे गोळ्यांची उष्णता. आत्याने काविळीची माळ आणून गळ्यात घातली, कुणीतरी नाकात थेंब टाकले. चार दिवस त्यातच गेले. जळगावला नेलं तर एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) हजाराच्या वर, सी चा पत्ता नाही, आणि बी चा डीएनए लाखांत.

आपल्याकडच्यांना कुंदा, ते शेतातलं चिवट तण, सांगायला नको. वरून कापला की वावर साफ दिसतं, काशा, म्हणजे मुळ्या, खाली जिवंत. बी चं तसंच आहे. त्याचा डीएनए लिव्हरच्या पेशीत दडून राहतो, रक्तात एचबीएसएजी सापडतही नाही. सी अंगात असेपर्यंत बी दबलेला असतो. गोळ्यांनी सी गेला की त्याला मोकळं रान. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. दादा मात्र अजून घरच्या ग्रुपवर टाकतो की सी च्या गोळ्यांनी नानांचं लिव्हर बिघडवलं. गोळ्यांनी नाही रे, तुझ्या पेनाने.

नाना टेनोफोविरवर, म्हणजे बी च्या औषधावर, सावरले, रोजची एक गोळी चालू आहे.

घाबरवायचं नाही म्हणून सांगतो, नुसती कोअर पॉझिटिव्ह असणाऱ्यांत असं क्वचितच होतं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर धोका कितीतरी जास्त. म्हणून सी च्या गोळ्या टाळू नका. कोअर पॉझिटिव्ह आली तर बी चा डीएनए करायचा का ते डॉक्टरांना विचारा, आणि एसजीपीटी गोळ्या संपल्यावरही काही महिने बघत राहा. कोअर निगेटिव्ह असूनही कधीकधी बी दडलेला निघतो, तेव्हा मध्येच एसजीपीटी चढलं तर बी विसरू नका. बी ची लस घेतल्याने कोअर पॉझिटिव्ह येते, हेही दादाचंच एक खूळ होतं; तसं होत नाही.

किंमत लॅबगणिक वेगळी, दोन ठिकाणी फोन करा. सी च्या गोळ्या २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, मग एका टेस्टसाठी कसली घासाघीस?

हल्ली दुकानात कुणी सी ची चिठ्ठी घेऊन आलं की दादा स्वतःच विचारतो, "कोअर करी का?" नानांच्या बाबतीत मात्र त्याच्या मते अजून गोळ्याच वाईट.