टॉमकॅटचे क्लस्टर : सदस्य दिसतो, सेशन मात्र पोहोचत नाही

प्रश्न : आमचे जावा अ‍ॅप्लिकेशन उबुंटूच्या दोन यंत्रांवर अपाची टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये चालते आणि पुढे, विनंत्या दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर आहे. सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या मांडणी-फाइलमध्ये क्लस्टरची, म्हणजे दोन्ही सर्व्हर एक गट म्हणून चालवण्याची, ओळ घातली, दुसरा सदस्य जोडला गेल्याची नोंद लॉगमध्ये येते आणि एकही एरर दिसत नाही. तरीही एक सर्व्हर बंद केला की त्यावरचे सगळे वापरकर्ते लॉगआउट होतात. दोष कुठे शोधावा?

उत्तर : सदस्य जोडल्याची नोंद आली म्हणजे सेशनची, म्हणजे लॉगइन केलेल्या वापरकर्त्याच्या सर्व्हरवरील माहितीची, प्रत दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ लागली, असे धरू नये, कारण टॉमकॅटमध्ये ही दोन कामे वेगवेगळ्या वाटांनी होतात. सदस्यांची हजेरी २२८.०.०.४ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, ४५५६४ या पोर्टवर, यूडीपीने दर अर्ध्या सेकंदाला लागते. सेशनमधला मजकूर मात्र टीसीपीने, ४००० ते ४१०० यांपैकी मोकळ्या सापडलेल्या पोर्टवर जातो. पहिली वाट चालू आणि दुसरी बंद, असे सहज घडू शकते.

म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी लॉगमधली तीच नोंद नीट वाचावी. तिच्यात महिरपी कंसात, स्वल्पविरामांनी तोडलेला, समोरच्या यंत्राचा पत्ता असतो. तिथे १९२, १६८ असे काही असण्याऐवजी १२७, ०, १, १ दिसले, तर निम्मे निदान झालेच. रिसीव्हरचा, म्हणजे सेशनच्या प्रती स्वीकारणाऱ्या भागाचा, पत्ता दिलेला नसेल तर टॉमकॅट यंत्राच्या नावावरून तो काढतो, आणि उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये (यंत्रांची नावे आणि पत्ते यांच्या यादीत) यंत्राच्या नावापुढे बहुधा १२७.०.१.१ लिहिलेले असते. परिणामी प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याला स्वतःचा लूपबॅक, म्हणजे ज्या त्या यंत्रालाच परत नेणारा, पत्ता कळवतो, आणि दुसऱ्यासाठी निघालेली सेशने त्याच यंत्रात फिरत राहतात. रिसीव्हरच्या अ‍ॅड्रेस या गुणधर्मात यंत्राचा खरा लॅन पत्ता लिहावा. होस्ट्स फाइल बदलूनही काम होते, परंतु ती बदलल्याचे पुढच्या माणसाच्या लक्षात येत नाही. फायरवॉलमध्ये टीसीपीचे हे पोर्टही उघडे हवेत.

पत्ता बरोबर असेल तर वेब डॉट एक्सएमएल ही अ‍ॅप्लिकेशनची मांडणी-फाइल पाहावी. त्यात डिस्ट्रिब्युटेबल हा टॅग नसेल, तर क्लस्टर उभे राहते, सदस्य दिसतात, पण त्या अ‍ॅप्लिकेशनची सेशने नेहमीच्या, एकट्या सर्व्हरच्या मॅनेजरकडेच (सेशने सांभाळणाऱ्या भागाकडेच) राहतात, आणि तेही विनातक्रार. टॅग घातल्यावर मात्र सीरियलायझेबल नसलेली, म्हणजे बाइटमध्ये बदलून पाठवता न येणारी, वस्तू सेशनमध्ये ठेवू पाहताच एक्सेप्शन येते. ते आले म्हणून टॅग काढू नये. त्या वस्तूचा जावा क्लास दुरुस्त करावा.

आता पडताळणी. लोड बॅलन्सर स्टिकी असेल, म्हणजे एका वापरकर्त्याला नेहमी त्याच सर्व्हरकडे पाठवत असेल, तर वापरकर्ता एकाच सर्व्हरवर राहतो आणि हा दोष महिनोन्महिने झाकला जातो. त्यामुळे सेशनचा क्रमांक आणि एक वाढता आकडा दाखवणारे छोटे जेएसपी पान दोन्हीकडे ठेवावे, पहिल्या सर्व्हरवर ते उघडून ब्राउझरमधली जेसेशनआयडी ही कुकी उतरवून घ्यावी आणि तीच कुकी कर्ल या कमांडने, लोड बॅलन्सरला वगळून, थेट दुसऱ्या सर्व्हरच्या पोर्टवर पाठवावी. आकडा पुढे सरकला तर प्रत पोहोचते आहे. पुन्हा एकपासून सुरू झाला तर नाही.

हे जमूनही सेशनमधली एखादी यादी, उदाहरणार्थ कार्टमधल्या वस्तू, मात्र जुन्याच दिसत असतील, तर सेशनमधून काढलेल्या यादीत थेट भर घातली जात असणार. तो बदल डेल्टा मॅनेजरला, म्हणजे सेशनमधले फक्त बदल दुसरीकडे पाठवणाऱ्या मॅनेजरला, कळत नाही. बदलानंतर सेटअ‍ॅट्रिब्यूट पुन्हा बोलवावे लागते.

प्रश्न : हीच मांडणी क्लाउडवर नेल्यावर सदस्यसुद्धा दिसेनासे झाले.

उत्तर : बहुतेक क्लाउड नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट मुळात चालतच नाही, त्यामुळे हजेरीच लागत नाही. तिथे स्थिर सदस्यत्व वापरावे, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर दुसऱ्याचा पत्ता, पोर्ट आणि प्रत्येकाचा वेगळा सोळा बाइटचा ओळख क्रमांक हाताने लिहावा. यंत्रे सतत वाढत-घटत असतील तर अशी यादी सांभाळणे जिकिरीचे होते. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसवर असल्यास टॉमकॅटच्या ९ व्या आवृत्तीत आलेली, पॉड (कुबरनेटीसवर चालणारे सर्व्हर) स्वतः शोधणारी सदस्यत्व सेवा अधिक सोयीची पडेल.